पोपटीची दुसरी बाजू

बाबांच्या दुकानात मागच्या भिंतीवर एक काळी पाटी आहे. तिच्यावर खडूने दहा ओळी लिहिलेल्या असतात. आजवर जगात गाण्यांचे जेवढे म्हणून अल्बम निघाले, त्यांतले सगळ्यात थोर दहा. हा निकाल जगाला मान्य आहे का, असं कुणी विचारलं तर बाबा म्हणतात, जगाने येऊन वाद घालावा, रविवारी दहा वाजता दुकान उघडं असतं.

बाबा रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. वाद घालणारे दुसरे दातांचे डॉक्टर, त्यांचा दवाखाना समोरच्याच इमारतीत. तिसरे ड्रायव्हरकाका, पस्तीस वर्षं बस चालवून आता घरी बसलेले. चौथी आई होती. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून तिच्या स्टुलावर मी बसते आणि तिचं मत मी देते. गेले आठ महिने माझ्या लेकीला, ठकीला, मांडीवर घेऊन देते.

यांच्यात अल्बमला त्याच्या नावाने हाक मारायची पद्धत नाही. कव्हरवर जे दिसतं ते नाव. पहिल्या नंबरवर वर्षानुवर्षं 'छत्री' आणि 'रिकामी खुर्ची' यांची आलटून पालटून मारामारी चालते. दहाव्यावर 'पोपटी'. पोपटी आईची. कव्हरवर काहीच नाही, नुसता पोपटी रंग आणि कोपऱ्यात गाणाऱ्या बाईचं बारीक अक्षरात नाव.

नियम कडक आहेत. नवा अल्बम आला तर तो दहाव्या जागेवरच येतो, म्हणजे आधी दहाव्याला हरवायचं, मग वर चढायचं. दोन्ही अल्बम सगळ्यांनी बसून पूर्ण ऐकायचे, मध्ये बोलायचं नाही. उठला त्याचं मत गेलं. बरोबरी झाली तर जुना राहतो. पाटीवर आलेली रेकॉर्ड दुकानातल्या कपाटात जाते, मग ती वाद सोडून एरवी वाजवायची नाही. आणि सगळ्यांत वरचा नियम: अर्धं ऐकून बोलायचं नाही. तसं उघडकीला आलं तर अल्बम आपोआप खाली.

हे बसून ऐकणं पहिल्यापासून नव्हतं. आधी रेकॉर्ड घरोघर फिरायची, प्रत्येकाकडे एक आठवडा, आणि सगळा कारभार विश्वासावर. मग ड्रायव्हरकाकांनी एका अल्बमच्या व्हायोलिनची पंधरा मिनिटं तारीफ केली आणि त्यात व्हायोलिन नव्हतंच. तेव्हापासून बैठक सुरू झाली. काका अजून म्हणतात, "होतं रे. बारीक होतं."

पोपटी त्या आधीची. सव्वीस वर्षं ती दहाव्या जागी दारात पाय पसरून बसली आहे. आईच्या हयातीत तिला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. नंतर तीन वर्षं कुणी विषय काढला नाही, तो आईच्या आठवणीपोटी. वरचे नऊ आपापसात जागा बदलत राहिले.

मागच्या सोमवारी डॉक्टर दुकानात आले तेव्हा मी ठकीला घेऊन तिथेच होते.

"मिस्त्री, या रविवारी मी पाठमोरे आणतोय."

पाठमोरे म्हणजे कव्हरवर चार माणसं पाठ करून उभी असलेला अल्बम. डॉक्टरांचा जीव की प्राण. एकोणीस वर्षं ते त्याच्याबद्दल बोलत आलेत, पण आणला कधीच नव्हता.

बाबा सोल्डरिंगवरून मान वर न करता म्हणाले, "आणा की."

"पुढच्या महिन्यात मी जातोय. मुलाकडे, कायमचा. दवाखान्यातली खुर्ची विकली, यंत्रं विकली. म्हटलं जाण्याआधी एकदा होऊन जाऊ दे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस हं, पोरी. वहिनींबद्दल काही नाही."

"तुम्ही आणा काका," मी म्हणाले. "मीही काही सोडणार नाही."

म्हणाले खरी, पण घरी जाताना मतं मोजली. ड्रायव्हरकाका ज्यात ड्रम जास्त त्याला मत देतात, आणि पाठमोऱ्यांत ड्रमच ड्रम. म्हणजे ते दोघं तिकडे. इकडे मी एकटी. राहिले बाबा, आणि बाबांचं काही सांगता येत नाही. ते कानाने मत देतात, नात्याने देत नाहीत. पोपटीच्याही आधी सख्ख्या भावाने आणलेला अल्बम त्यांनी एका मताने पाडला होता, आणि भाऊ दोन वर्षं घरी आला नव्हता. पोपटीही त्यांना कधी फारशी आवडली नव्हती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आईच्या वस्तू हळूहळू गेल्या. साड्या गेल्या, चष्मा कुणाला तरी दिला, शिवणाचं मशीन मावशीकडे. तिचं म्हणून जे अजून कुणी हलवलं नव्हतं ते पाटीवरची ती दहावी ओळ. दर रविवारी मी आत शिरले की आधी तिकडे बघते.

ज्याचा अल्बम पणाला लागतो त्याला तो आठवडाभर घरी न्यायला मिळतो, तयारीसाठी. मी पोपटी घरी आणली. लहानपणापासून तिच्याबद्दल ऐकत आले होते, पण रेकॉर्ड हातात पहिल्यांदाच आली. आई एकदा म्हणाली होती, "तू तान्ही असताना झोपलीस की मी ती लावायची. तू उठलीस की बंद." पुढे मी वर्षाची झाले, चालायला लागले, तेव्हा तिने ती पाटीवर दिली आणि रेकॉर्ड कपाटात गेली.

ठकी सकाळी सव्वाअकराला झोपते. गुरुवारी ती झोपल्यावर मी रेकॉर्ड बाहेर काढली आणि बाबांनी शिकवलंय तशी खिडकीजवळ तिरपी धरली. बाबा गिऱ्हाइकाची रेकॉर्ड नेहमी अशीच बघतात. जास्त वाजलेल्या जागी काळा रंग मरतो, राखेसारखा दिसतो. पहिल्या बाजूची पहिली दोन गाणी पार राखाडी झाली होती. तिसरं जरा कमी. चौथं, शेवटचं, बऱ्यापैकी काळं होतं. आणि मधल्या भोकाभोवती लेबलवर ओरखडेच ओरखडे, मांजराने नखं काढावीत तसे. भोक प्लेअरच्या मधल्या खुंट्यावर नीट बसलं नाही की खुंटा लेबलवर घासतो, त्या खुणा. एका हातात मूल असलं की दुसऱ्या हाताने नेम लागत नाही. हे मला कुणी सांगायला नको. आमच्याकडच्या प्रत्येक रेकॉर्डवर आठ महिन्यांत असले ओरखडे पडलेत.

मी मनातल्या मनात मोजत होते. दोन गाणी म्हणजे नऊ-दहा मिनिटं. एवढीच मी सलग झोपत असणार. तिसऱ्याला चुळबुळ. चौथं तिला क्वचितच लाभलं असेल.

मग मी रेकॉर्ड उलटली. दुसरी बाजू आरशासारखी होती. तिच्यात पडद्याची दांडी दिसली, माझे न विंचरलेले केस दिसले. लेबलवर भोकाभोवती एक ओरखडा नव्हता. एकही. कितीही सराईत माणूस असला तरी एकदा वाजवली तर एक बारीक रेघ उमटतेच. ही बाजू कधी कुणी लावलेलीच नव्हती.

मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. ती बाजू लावून बघायचंही सुचलं नाही. पहिली लावली आणि तिसऱ्या गाण्यात ठकी उठली.

संध्याकाळी आमच्या ह्याला सांगितलं. तो ठकीचे कपडे घडी घालत होता, म्हणजे तो ज्याला घडी म्हणतो ते करत होता.

"म्हणजे सासूबाईंनी थाप मारली?"

"थाप नाही मारली. तिने काय केलं ठाऊक आहे? पहिल्या बाजूवर अर्धा तास बोलली. आणि मग म्हणाली, दुसऱ्या बाजूबद्दल मी काही बोलणार नाही. ती ऐकून ज्याला काही वाटत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही."

हे वाक्य दुकानात इतक्या वेळा सांगितलं गेलंय की मला पाठ आहे.

तो हसायला लागला. "वकील व्हायला हव्या होत्या त्या."

"हसू नकोस. हे कळलं तर पोपटी मतदानाशिवाय खाली."

"मग सांगू नकोस. कोण बघतंय?"

"बाबा बघतील. वाजवण्याआधी ते उजेडात धरतातच."

"मग त्यांना बघू दे. तू कशाला बोलतेस?"

शुक्रवार, शनिवार मी त्याच विचारात काढले. गप्प बसले आणि बाबांच्या नजरेतून सुटलं तर एखादवेळी दोन-दोन होऊन पोपटी वाचेल. पण मग दर रविवारी पाटीकडे बघताना मला ती आरशासारखी बाजू दिसत राहणार.

रविवारी दहाला आम्ही जमलो. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ठकी वाटेतच, रोजच्यापेक्षा लवकर, बाबागाडीत झोपली होती. गाडी मी टेपरेकॉर्डरच्या सांगाड्यांमध्ये, पंख्याचा वारा थेट लागणार नाही अशी लावली.

आधी पाठमोरे. बाबांनी सुई ठेवली आणि चौघं गप्प झालो. मी सांगते, मी वैऱ्यासारखी ऐकायला बसले होते. कुठे सापडतात बघू म्हणून. पहिल्या गाण्यात नाही सापडले. दुसऱ्यात ते चौघं एकमेकांची वाट बघत गात होते, एक थांबला की दुसरा हळूच आत शिरायचा, दार न वाजवता. बाजू बदलली. मध्येच कधीतरी माझ्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात मी बाबागाडीकडे पाहिलेलंच नाही. ठकी जन्मल्यापासून असं झालं नव्हतं. एकेचाळीस मिनिटं संपली तेव्हा ड्रायव्हरकाका मांडीवर ताल धरून बसले होते आणि डॉक्टर जमिनीकडे बघत होते.

चहा झाला. बाबांनी पोपटी काढली आणि ट्यूबलाइटखाली धरली. पहिली बाजू बघितली. उलटायला लागले, तेवढ्यात माझ्याच तोंडून निघून गेलं.

"बाबा, दुसरी बाजू नीट बघा."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, रेकॉर्ड डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघत राहिले. अंगठा लेबलच्या कडेने फिरवला.

"ही वाजलेलीच नाही," ते म्हणाले.

"काय?" डॉक्टर उठायला गेले आणि नियम आठवून परत बसले, जरी अजून काही लागलेलं नव्हतं.

"खुंट्याची एक खूण नाही. कारखान्यातून आली तशी आहे."

मी सगळं सांगितलं. पहिली दोन गाणी राखाडी का, आई रेकॉर्ड कधी लावायची, कधी बंद करायची. "मी झोपायचे तेवढंच तिला मिळायचं. पलटायला वेळ मिळालाच नाही. नियमाप्रमाणे पोपटी खाली जाते, मला माहीत आहे."

डॉक्टर खाकरले. "म्हणजे वहिनींनी अर्धं ऐकून..."

"डॉक्टर," ड्रायव्हरकाका म्हणाले, "ही रेकॉर्ड तेव्हा घरोघर फिरली होती ना?"

"फिरली होती."

"तुमच्याकडे आठवडाभर होती?"

"असेल बहुतेक."

"मग तुम्ही वाजवलीत त्याची खूण कुठाय?"

डॉक्टरांनी रुमालाने चष्मा पुसायला घेतला.

"तुम्ही म्हणाला होतात," काका पुढे म्हणाले, "दुसरी बाजू म्हणजे समुद्र. मला चांगलं आठवतंय. मी म्हटलं, हो, समुद्रच."

"तू का म्हणालास मग?"

"तुम्ही म्हणालात म्हणून. मला वाटलं डॉक्टर माणूस आहे, ऐकूनच बोलत असेल."

"मी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात पहिली बाजू ऐकली. दुसरी रविवारी ऐकू म्हटलं, तर रविवारी रेकॉर्ड तुझ्याकडे गेली. आणि वहिनी तसं बोलल्यावर, मला काही वाटलं नाही असं म्हणायची सोय होती का?"

"माझा प्लेअर बंद होता," काका म्हणाले. "मिस्त्रीला सांगायची लाज वाटली, त्याच महिन्यात त्याने तो दुरुस्त केला होता."

दोघांनीही बाबांकडे पाहिलं. बाबा अजून रेकॉर्ड धरून उभे होते.

"माझ्या घरात रोज वाजायची," बाबा म्हणाले. "म्हटलं, वेगळी कशाला ऐकायची." रेकॉर्ड परत पहिल्या बाजूवर उलटली. "आणि मी दिवसभर इथे असायचो. म्हणजे पहिलीसुद्धा मी धड ऐकलेली नाही."

सव्वीस वर्षं, कान टवकारून बसणारी चार माणसं, आणि थोर दहांतला एक अल्बम कुणी पुरा ऐकलेलाच नव्हता. ड्रायव्हरकाकांना हसू फुटलं. मग डॉक्टरांना. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. बाबा हसले नाहीत.

"वहिनींना खाली काढायचं तर आपल्या तिघांना आधी काढायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "मग मतं द्यायला राहिली ही एकटी. आणि तिची लेक."

"आज ऐकू," बाबा म्हणाले. "आज ऐकली की पूर्ण ऐकली. मग मत."

कुणी हरकत घेतली नाही. बाबांनी सुई ठेवली.

पहिलं गाणं घासून घासून पार खरखरीत झालं होतं, पण त्या खरखरीतून बाईचा आवाज येत होता, कुणाला उठवायचं नाही अशा बेताने गायलेला. दुसरं सुरू झालं आणि बाबागाडी हलली. ठकीने आधी कुरकुर केली, मग तोंड उघडून सूर लावला. मी अर्धी उठले होते. उठले असते तर मत गेलं असतं.

ड्रायव्हरकाका माझ्याआधी उठले. ओठांवर बोट ठेवून त्यांनी मला खाली बसवलं, ठकीला उचललं आणि दाराकडे निघाले. डॉक्टरांनी बोटानेच विचारलं, गेलं ना तुझं मत? काकांनी मान हलवली, गेलं. काचेतून दिसत होतं, ते तिला खांद्यावर टाकून गल्लीतून फेऱ्या मारत होते, वळणावर बस वळवावी तसे लांबून वळत होते. म्हणजे डॉक्टरांचं हक्काचं मत गेलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

मग दुसरी बाजू. सुईखाली पहिल्यांदाच जात होती ती, आणि आवाज इतका स्वच्छ की मी दचकले. पहिलं गाणं बरं होतं. दुसऱ्यात बाई नव्हतीच, नुसती वाद्यं, जागा भरायला घेतलेली. तिसऱ्यात ती होती, पण घाईत. कुणीतरी घड्याळ दाखवत उभं असल्यासारखी. शेवटचं गाणं गोड होतं, पण पहिल्या बाजूवरचंच कपडे बदलून आल्यासारखं. मी प्रत्येक गाण्याला मनातल्या मनात हात धरून वर ओढत होते. एकही आलं नाही. समुद्र तर सोडाच, ओंजळभर पाणी होतं.

सुई उचलली गेली.

"पाठमोरे," डॉक्टर म्हणाले. आपल्या अल्बमला मत द्यायला बंदी नाही.

"पोपटी," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी झटकन मान वळवली. मीही. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, प्लेअरचं झाकण पुसत होते. सख्ख्या भावाला पाडणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कानाविरुद्ध मत दिलं होतं. पोपटीची दुसरी बाजू त्यांनीही माझ्याइतकीच नीट ऐकली होती.

आता मी पोपटी म्हटलं की संपलं. त्यासाठीच तर मी आले होते. डॉक्टर पुढच्या महिन्यात जाणार, पुन्हा कुणी आव्हान देणार नाही, ओळ राहील. मी तोंड उघडलं आणि मला पाठमोऱ्यांचं दुसरं गाणं आठवलं, त्या एकेचाळीस मिनिटांत मी कुणाचीच आई नव्हते ते आठवलं. आईला पोपटीने रोज दहा मिनिटं तेच दिलं होतं. दहा मिनिटांचं देणं ती पूर्ण अल्बमच्या नावावर खपवून गेली, आणि तिने ते बरोबर केलं, असं मला अजूनही वाटतं. पण मी आज दोन्ही बाजू ऐकल्या होत्या.

"पाठमोरे," मी म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "पोरी, मी जातोय म्हणून देत असशील तर नको मला."

"नाही काका. चांगला आहे. मला आधी वाटलं नव्हतं एवढा चांगला आहे."

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला आणि तो हातातच धरून बसले.

बाबांनी ओला फडका घेतला आणि दहावी ओळ पुसली. एका दमात पुसली नाही. खडू सव्वीस वर्षं त्याच जागी पुन्हा पुन्हा गिरवलेला, दोनदा फडका पिळावा लागला. मग त्यांनी त्यांच्या वळणदार अक्षरात पाठमोरे लिहिलं. माझ्याशी बोलले नाहीत. दुसरा चहा झाला, डॉक्टरांनी सगळ्यांसाठी पहिल्यांदाच बिस्किटं मागवली, तरी नाही. ड्रायव्हरकाका ठकीला घेऊन आत आले, पाटी वाचली आणि "बरं झालं मी उठलो, मला ठरवायला लागलं असतं," एवढंच म्हणाले.

निघताना मी पोपटी तिच्या कव्हरमध्ये घातली आणि ठकीच्या लंगोटांच्या पिशवीत ठेवायला लागले. पाटीवरून उतरलेली रेकॉर्ड घरी नेता येते.

"ती राहू दे," बाबा मागून म्हणाले.

"कपाटात?"

"कपाटात कशाला? मी नेतो घरी." त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. हात जरा कडक होता. रागावलेच होते, मला ओळखू आलं. मग कव्हरकडे बघत त्यांनी विचारलं, "कधी लावायची म्हणालीस ती?"

"मी झोपल्यावर. अकरा-साडेअकराला असेल."

"सकाळी?"

"सकाळी."

ते हिशेब केल्यासारखे दाराकडे बघत राहिले. त्या वेळी दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते.

"उद्या येशील?" ते म्हणाले. "तासभर दुकानात बसायला. कुणी काही दुरुस्तीला टाकायला आलं तर चिठ्ठी बांधून ठेव, बाकी काही करायचं नाही. मी घरी जाऊन येतो."

"ठकीला घेऊन येईन मग."

"घेऊन ये," बाबा म्हणाले, आणि बाबागाडीचं मागचं चाक सरळ करायला खाली वाकले.